एका दिवसाची आई
(‘अस्तु’ या चित्रपटाच्या निमित्ताने)

मराठीत वार्धक्यावर लिहू पाहणाऱ्याला एक गोष्ट आयतीच हाती लागते. म्हातारा बाप, त्याला विसरलेली मुले, मध्ये पडणारी सून आणि शेवटी वृद्धाश्रमाची पायरी. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून ही गोष्ट आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे की, म्हातारपणाचे दुःख म्हटले की आपण लगेच दोषी कोण याचा शोध घेऊ लागतो. आपल्या धर्मग्रामांतील नियतकालिकांतून छापल्या जाणाऱ्या कथाही बहुधा याच वाटेने जातात. वाचक डोळे पुसतो, मुलांना दूषण देतो आणि आपण तसे नाही या समाधानात अंक मिटतो.

परंतु दोषी कोणीच नसेल तर? मुले प्रेमळ आहेत, घरात अन्नवस्त्राची ददात नाही, बापाचा मान अबाधित आहे. तरीही बाप एके दिवशी मुलीला ‘तुम्ही कोण?’ असे विचारतो. या प्रसंगी कोणाला दूषण द्यावयाचे? स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो विकार, साहित्यापुढे हा अवघड प्रश्न उभा करतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अस्तु’ या २०१३ सालच्या चित्रपटाने हा प्रश्न धीटपणे हाती घेतला, म्हणून आम्हांस तो मोलाचा वाटतो. त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे व ते यथार्थच आहे. मात्र या चित्रपटात एक जागा अशी आहे की जेथे तो आपल्याला वाट दाखवतो आणि त्याच वेळी चकवतोही. त्या जागेविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे.

कथानक थोडक्यात असे. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त, विद्वान प्राध्यापक. त्यांची स्मृती अल्झायमरच्या विकाराने विझत चालली आहे. थोरली मुलगी इरा त्यांना गाडीतून घेऊन निघाली असता वाटेत एका दुकानात शिरते. गाडीत बसलेल्या शास्त्रींना रस्त्याने जाणारा हत्ती दिसतो आणि एखादे लहान मूल जावे तसे ते त्याच्या मागोमाग चालू लागतात. इकडे इरा, तिचा नवरा माधव आणि धाकटी बहीण राही यांच्या आयुष्यात शोधाची घालमेल सुरू होते. तिकडे शास्त्री माहूत अंता आणि त्याची बायको चन्नम्मा यांच्या उघड्यावरच्या संसारात जाऊन पोहोचतात. चन्नम्मा कानडी बोलणारी, निरक्षर, पोटाची भ्रांत असलेली बाई. ती या अनोळखी म्हाताऱ्याला पदराखाली घेते. तो तिला आई मानतो आणि तीही त्याला मूल मानते.

शास्त्रींची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि त्यांच्या अभिनयात रोगाचे प्रदर्शन कोठेही नाही याचे कारण कदाचित हेच असावे. नजर एखाद्या वस्तूवर स्थिरावते, ओळखीचा एक कण चमकतो व विझतो. एवढेच ते दाखवतात आणि तेवढे पुरते. इरावती हर्षे यांची इरा कर्तव्याच्या ओझ्याने वाकलेली आहे, पण केविलवाणी होत नाही. चन्नम्मा साकारणाऱ्या अमृता सुभाष यांना सहाय्यक अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. संवादांसाठी सुमित्रा भावे यांनाही ते मिळाले. भावे २०२१ साली निवर्तल्या. त्यांच्या मागे राहिलेल्या कामात ‘अस्तु’चे स्थान वरचे आहे, असे आमचे मत आहे.

हा चित्रपट आम्ही धनज येथे, एका परिचितांच्या घरी, चारसहा जणांच्या सोबतीने पाहिला. धनज हे वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले गाव. सोयाबीन, तूर आणि कपाशीचा मुलूख. पाहणाऱ्यांत एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांच्या सासूबाईंना गेली काही वर्षे हाच विकार आहे. चित्रपट संपला, सगळे चन्नम्मेच्या मायेविषयी भारावून बोलू लागले. त्या बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “एक दिवस त मीबी सांभाळीन, भाऊ. बाकीचे दिवस कोन सांभाळीन?”

आमच्या मते ‘अस्तु’वर याहून नेमकी समीक्षा कोणी केलेली नाही. लेखाचा उरलेला भाग म्हणजे या एका वाक्यावरचे भाष्य होय.

चन्नम्मा शास्त्रींना काय देते, हे आधी नीट पाहिले पाहिजे. ती त्यांची परीक्षा घेत नाही. आज वार कोणता, मी कोण, जेवण झाले का, असे घरच्या माणसांच्या तोंडी सारखे येणारे प्रश्न ती विचारतच नाही. त्यांचा पूर्वीचा लौकिक तिला ठाऊक नाही, त्यामुळे ते किती घसरले याचे दुःखही तिला नाही. समोर आहे तो माणूस भुकेला आहे, भ्यालेला आहे, हत्ती पाहून हरखला आहे, इतकेच तिला दिसते. त्यांच्याभोवती प्राणी आहे, मुले आहेत, उघडे आकाश आहे, चूल आहे. विद्वत्तेच्या घरात जो सतत चुकत होता, तो येथे चुकतच नाही, कारण चुकण्याजोगे काही त्याच्याकडून कोणी मागितलेले नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी शहरांतून जी दिवसाची केंद्रे चालतात, ज्यांना लोक डे केअर म्हणतात, त्यांचे तत्त्व याहून फारसे वेगळे नाही. सकाळी माणसाला तेथे आणून सोडावयाचे व सायंकाळी घरी न्यावयाचे. मधल्या वेळात ठरलेल्या क्रमाने हलका व्यायाम, गाणी, हाताला झेपेल असे काम, सोबतीने जेवण, वेळेवर औषध, थोडी विश्रांती. बुद्धीला न झेपणारे काही मागावयाचे नाही आणि जे शिल्लक आहे त्याला वाव द्यावयाचा. गाणे, प्रार्थना, निवडण्या-टिपण्याची हातवळणाची कामे ही नावे व तारखा विसरल्यावरही पुष्कळ काळ टिकून राहतात. जपमाळेचे मणी हाती आले की जिची बोटे आपोआप चालू लागतात आणि ओठ हलू लागतात, अशी एखादी आजी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या काउली रोड रुग्णालयात डॉ. लायोनेल कोसिन यांनी १९५८ साली वृद्धांसाठी दिवसाचे रुग्णालय बांधून घेतले. म्हाताऱ्याला कायमचे खाटेवर न टाकता दिवसा उपचार व रात्री स्वतःचे घर, हा त्यामागचा विचार. आपल्या देशात अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ साली केरळात स्थापन झाली आणि तिने या विकाराला भारतात नाव व चेहरा दिला. बंगळूरमध्ये नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्टने आणि मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने अशी केंद्रे चालवली आहेत. परंतु ही सर्व नावे शहरांची आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला आणि हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे असेही दाखवले. थोडक्यात, केंद्रे आहेत तेथे रुग्ण तुलनेने कमी आणि रुग्ण अधिक आहेत तेथे केंद्र नाही.

आता चित्रपटाच्या चकव्याकडे वळू. ‘अस्तु’मध्ये चन्नम्मेची माया ही निसर्गदत्त आहे. ती गरीब आहे, शिकलेली नाही, स्त्री आहे, म्हणून जणू शुश्रूषा तिच्या रक्तातच आहे. इरा मात्र शिकलेली, नोकरी करणारी, म्हणून अपराधी व अपुरी. दोन स्त्रियांची अशी जोडी समोर ठेवली की प्रेक्षक नकळत तुलना करतो आणि ती तुलना इरेवर अन्याय करणारी ठरते. कारण चन्नम्मेने जे दिले ते एका दिवसाचे आहे. तिने शास्त्रींच्या रात्रींची जागरणे काढलेली नाहीत, दिवस मावळताना वाढणारी त्यांची अस्वस्थता वर्षानुवर्षे सोसलेली नाही, दहा वेळा दिलेले उत्तर अकराव्यांदा दिलेले नाही. मुख्य म्हणजे, तिने आपला बाप गमावलेला नाही. इरा ज्याची सेवा करते त्याच्याच वियोगाचे दुःखही तिला त्याच वेळी करावयाचे आहे. चन्नम्मेची ताजी माया व इरेचा थकवा यांत गुणांचा फरक नसून दिवसांचा फरक आहे. तीस दिवसांनी चन्नम्माही थकली असती, आणि मग तिला कोणी विसावा दिला असता?

‘नटसम्राट’मध्येही असेच घडते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. अप्पासाहेब बेलवलकरांना शेवटी आसरा मिळतो तो रस्त्यावर बूटपॉलिश करणाऱ्या राजाचा. चाळीसहून अधिक वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या या दोन कलाकृती म्हाताऱ्याला घराबाहेर काढून एका गरीब अनोळखी जिवाच्या ओंजळीत ठेवतात. आम्हांस हा योगायोग वाटत नाही. घर पुरे पडत नाही हे आपल्या लेखकांना कळलेले आहे. परंतु घर आणि रस्ता यांच्यामध्ये समाजाने उभारलेली अशी एखादी जागा असू शकते, हे त्यांच्या कल्पनेत येत नाही. म्हणून ते दैवाला पाचारण करतात. हत्ती येतो, राजा भेटतो. धनजच्या रस्त्याने हत्ती येणार नाही.

याच्या शेजारी अविनाश अरुण यांचा २०२३ साली प्रदर्शित झालेला ‘थ्री ऑफ अस’ हा हिंदी चित्रपट ठेवून पाहावा. त्यातील शैलजा ही स्मृतिभ्रंशाच्या पहिल्या पायरीवर उभी आहे. आठवणी पुरत्या जाण्यापूर्वी ती नवऱ्याला घेऊन आपल्या बालपणीच्या वेंगुर्ल्याला जाते. येथे विकार जडलेली व्यक्ती स्वतः बोलते, निवडते, निरोप घेते. शास्त्रींना ही संधी उरलेली नाही. मात्र सांभाळणाऱ्याच्या पुढच्या वर्षांविषयी हाही चित्रपट मौन पाळतो. आरंभाचे काव्य आणि स्वीकाराचे तत्त्वज्ञान आपल्या पडद्यावर आले आहे. मधल्या आठदहा वर्षांचे रोजचे गद्य अजून यावयाचे आहे.

ते गद्य खेड्यात कसे असते? सुगीचे दिवस डोळ्यांपुढे आणावेत. सोयाबीन सोंगायला आले, पुढे कापूस वेचायला आला की हात असलेला प्रत्येक माणूस शेतात जातो. घरात राहते ती म्हातारी, जिला आपले घर हे आपले घर वाटत नाही आणि जी ‘मला घरी जाऊ द्या’ म्हणत उंबरा ओलांडते. मग एक तर सून मजुरी बुडवून घरी बसते, नाही तर बाहेरून कडी लावून जाते. कडी लावणारीला निर्दय म्हणण्यापूर्वी तिच्यापुढे तिसरा मार्ग आपण ठेवला होता काय, हे आपणच स्वतःला विचारावे. जगभरात स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या सेवेचे सुमारे ७० टक्के तास स्त्रियांच्या वाट्याला येतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. धनजच्या त्या बाई या आकड्यात आहेत.

भाषेनेही आपला घात केला आहे. ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारचळ’ ही शब्दसंपदा विकाराला स्वभाव ठरवते. स्वभावाला डॉक्टर कशाला दाखवायचा? वास्तविक विसरभोळेपणाचे मूळ कधी थायरॉइडच्या दोषात, कधी बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावात, कधी खिन्नतेच्या विकारात असते व तेथे उपचार होऊ शकतात. अल्झायमर असेल तर तो बरा होत नाही, हे खरे; पण त्याला रोग म्हटले की म्हातारीवर ओरडणे कमी होते, हाही एक उपचारच होय.

आम्ही ख्रिस्ती वाचकांसाठी लिहीत आहोत, म्हणून आमच्या घरातील एक गोष्टही सांगितली पाहिजे. मातापित्यांना मान देण्याची चौथी आज्ञा आपण पुष्कळदा सांभाळणाऱ्याच्या पाठीवर काठीसारखी वापरतो. बेन सिराच्या ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय उघडून पाहावा. बापाची बुद्धी उणावली तरी त्याला सांभाळून घ्यावे, आपण धडधाकट आहोत म्हणून त्याचा अवमान करू नये, असा बोध तेथे आहे. इतक्या प्राचीन काळी धर्मग्रंथाने या विकाराची नोंद घ्यावी हे विलक्षण आहे. पण तो बोध एकट्या सुनेला उद्देशून नाही. तो मुलाला आहे, आणि आपण सारे त्या ग्रंथाचे वाचक आहोत.

क्रुसाच्या वाटेचे पाचवे स्थान या संदर्भात आम्हांला फार बोलके वाटते. कुरेनेकर शिमोनाने प्रभूचा क्रूस दूर केला नाही, कालवारी टाळली नाही. वाटेच्या एका टप्प्यापुरता त्याने खांदा दिला. दिवसाचे केंद्र याहून अधिक काही करू शकत नाही. सकाळी दहा ते सायंकाळी चार एवढा टप्पा ते उचलते. रात्र घराकडेच राहते. अंथरुणाला खिळलेल्यांना त्याचा उपयोग नाही, नेण्याआणण्याची अडचण मोठी असते, पहिले काही दिवस म्हातारी माणसे तेथे बसायला तयार होत नाहीत. हे सर्व मान्य करूनही सहा तासांची झोप, एका दिवसाची मजुरी, निवांतपणे केलेली एक मिस्सा, यांचे मोल जिला ते कित्येक वर्षांत मिळालेले नाही तिलाच विचारावे.

ख्रिस्तसभेची या क्षेत्रातील परंपरा निवासी आश्रमांची आहे व ती उज्ज्वल आहे. संत जान जुगान हिने १८३९ साली फ्रान्समध्ये एका अंध, अर्धांगवायू झालेल्या म्हातारीला आपल्या घरी आणून आपलीच खाट दिली. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ हा संघ उभा राहिला. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन म्हणून सुरू केला आणि २०२२ साली बुधवारच्या धर्मशिक्षणात कित्येक आठवडे वार्धक्यावरच निरूपण केले. पण आश्रम व उत्सव यांच्या मधली जागा आपल्याकडे रिकामी आहे. अमरावती धर्मप्रांताच्या या भागात कॅथलिक कुटुंबे थोडी व विखुरलेली आहेत. तेव्हा असे केंद्र केवळ आपल्यांपुरते चालणारही नाही आणि चालू नये. चन्नम्मेने शास्त्रींची जात, धर्म वा भाषा विचारली नव्हती. चित्रपटाचा हा धडा मात्र आम्ही पूर्णपणे स्वीकारतो.

फार मोठ्या भांडवलाची गरज नाही. आठवडाभर बहुधा बंद असणारे एखादे सभागृह, लावून घेता येईल असे फाटक, स्वच्छतागृहात धरायला दांडा, चार ते सहा म्हातारी माणसे, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या दोन व्यक्ती आणि महिन्यातून एकदा येणारा डॉक्टर. सूप, तुरीच्या शेंगा, निवडायचे धान्य. गवळण येवो की गीत, जे ज्याला येते ते. आठवड्यातून दोन दिवस, आणि सुगीत रोज. त्या दोन व्यक्तींना मानधन मात्र द्यावे. बायकांची माया फुकट असते, या समजुतीवर आपण आतापर्यंत बरेच काही चालवले आहे.

शास्त्रींच्या गोष्टीचे नाव ‘अस्तु’ आहे. जे आहे ते तसे असो. विकाराच्या बाबतीत हा स्वीकार शहाणपणाचा आहे व तो चित्रपटाने फार सुंदर रीतीने घडवला आहे. सांभाळणारीच्या एकटेपणाच्या बाबतीत मात्र आम्हांला ‘अस्तु’ म्हणवत नाही. आई आपल्या लेकराला विसरली तरी परमेश्वर विसरत नाही, असे यशया संदेष्टा सांगतो. ज्यांची स्वतःची स्मृती गेली त्यांची आठवण परमेश्वराने कोणाकरवी ठेवावी, हा आपल्या धर्मग्रामांचा प्रश्न आहे. येत्या जुलैच्या चौथ्या रविवारी वृद्धांना फुले देऊन झाली की कोणी तरी एक कागद घ्यावा, आपल्या टापूत कोणत्या घराला बाहेरून कडी लागते ती घरे त्यावर लिहावीत, आणि पहिल्या घरी जाऊन त्या सुनेला विचारावे की तिला आठवड्यातला कोणता दिवस हवा आहे.